झाडं मेली का हो?

मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे येणारा पाहुणा चपला काढता काढता बागेकडे बघतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, ‘‘झाडं मेली का हो?’’ काही जण विचारत नाहीत, नुसते गप्प होतात. ते जास्त लागतं. एक गृहस्थ तर दुखवट्याला आल्यासारखा आवाज उतरवून ‘‘पाण्याचा त्रास असेल ना इकडे’’ म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

मेलेली नाहीत. पण आता मी समजावत बसत नाही. पूर्वी बसायचे.

आमचं घर गोव्यात, पेडणे तालुक्यात, सड्याच्या म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराच्या काठावर. तीन बाजूंना चिऱ्यांचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, चौथ्या बाजूला सरळ कातळ. पावसाळ्यात त्या कातळावर बोटभर पाणी साचतं, गवत उगवतं, श्रावणात त्यात इवली इवली जांभळी-निळी फुलं येतात आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. दिवाळीनंतर तोच कातळ हळूहळू भाकरीच्या तव्यासारखा होतो. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने आभाळ आमचं काही लागत नाही. समुद्र जवळ म्हणून हवा मात्र ओली. एप्रिलमध्ये दुपारी नुसतं बसून पदर भिजतो आणि पायाखालची माती तेव्हा पिठासारखी उडत असते. इकडच्या दुष्काळाची ही गंमत बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. इथे पावसाची कमी नाही. पाऊस टिकत नाही, एवढंच.

मलाही ते कळलं नव्हतं, आणि मी काही बाहेरची नव्हे. माझं माहेर फोंडा तालुक्यात, म्हार्दोळजवळ. तिथे आमचं कुळागर. डोंगरातल्या झरीचं पाणी पाटाने खाली येतं. पोफळी, केळी, मिरवेली, माड सगळे त्या पाटावर पोसलेले. बाबा संध्याकाळी हातात कुदळ घेऊन जायचे आणि चिखलाचा एक गोळा पाटाच्या तोंडाशी थापून पाणी वळवायचे. ओंजळभर चिखल इकडचा तिकडे केला की पाणी निमूट दुसऱ्या वाफ्यात शिरायचं. लहानपणी मला वाटायचं, पाणी म्हणजे पाळलेलं जनावर आहे, हाक मारली की येतं. अंगणात जायांचा मांडव होता. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते, तेव्हा गावभर तो वास असतो. बाग म्हणजे ओली माती, शेवाळ आणि जायांचा वास, हे माझ्या नाकात पक्कं बसलं होतं.

ते नाक घेऊन मी सड्यावर नांदायला आले.

पहिली पाच-सहा वर्षं मी इथे म्हार्दोळ उगवायचा प्रयत्न केला. जाई, मोगरा, क्रोटन, अनंत. दाराशी हिरवळीचा एक चौकोन. सकाळ-संध्याकाळ पाईप हातात. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवायची, मग नळ. नळाला पाणी एक दिवसाआड, मग दोन दिवसांनी, मग टँकर. नवरा हिशेब ठेवणारा माणूस. एकदा त्याने कॅलेंडरवर टँकरच्या तारखांना लाल गोल केले आणि काही न बोलता ते कॅलेंडर स्वयंपाकघरात माझ्यासमोर टांगलं. मे महिन्याचं पान पाहून वाटलं, घरात कुणाचं तरी रोज औषध चालू आहे.

मग मी शहाणी झाले, म्हणजे तसं मला वाटलं. एका नर्सरीत ‘कमी पाण्यावर वाढणारी’ म्हणून वेगळी ओळ मांडलेली होती. लॅव्हेंडर, रोझमेरी, दोन-तीन तऱ्हेचे कॅक्टस, जाड पानांची सक्युलंट. चांगले पैसे मोजून आणली. मेपर्यंत खरोखर छान राहिली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लॅव्हेंडर बुडाशी काळं पडलं. सक्युलंट बोट लावलं की पिकलेल्या केळ्यासारखं दबायचं. सगळ्यात जास्त टिकला एक गोल कॅक्टस. तो गणेश चतुर्थीला उचलायला गेले तर वरचं टोपण हातात आलं आणि आत नुसता रस.

नर्सरीवाल्याची चूक म्हणावी तर ती अर्धीच. ती झाडं उन्हाला भीत नाहीत, हे खरंच होतं. पण लॅव्हेंडर, रोझमेरी ही भूमध्य समुद्राच्या काठची मंडळी. त्यांच्याकडे पाऊस थंडीत येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आमच्याकडे उकाडा आणि पाऊस हातात हात घालून येतात. तहान सोसणारं झाड आणि गोव्यात जगणारं झाड यांच्यामध्ये अख्खा जुलै उभा असतो. इथे राहायचं तर चार महिने गळ्यापर्यंत पाण्यात आणि आठ महिने थेंबाविना, दोन्ही जमायला हवं.

हे जमणारं कोण, ते माझ्या सासूबाईंना माहीत होतं. आम्ही सगळे त्यांना मांय म्हणतो. त्यांनी आयुष्यात ‘बाग’ केली नाही. तुळशीला तांब्याभर पाणी, न्हाणीच्या सांडपाण्यावर अबोली आणि चार केळी, बस्स. माझी पाइपाची कवायत त्या सोप्यावर बसून बघत असायच्या. मी गडग्यापाशी एक कुड्याचं रोप लावलं होतं. कुणीतरी सांगितलं होतं की कुड्याला काही लागत नाही. जानेवारीत त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी घाबरून रोज बादलीभर पाणी सुरू केलं. मांय म्हणाल्या, ‘‘तें न्हिदलां. न्हिदिल्ल्याक जेवण कोण वाडटा?’’ ते झोपलंय, झोपलेल्याला जेवण कोण वाढतं?

मी ऐकलं नाही. कातळात कोरलेल्या खड्ड्यात शेणखत भरलेलं, खाली पाणी जायला वाट नाही. म्हणजे मी त्या रोपाला दगडी परातीत बसवून वरून पाणी ओतत होते. मार्चमध्ये उपटून पाहिलं तर मुळांना गटाराचा वास येत होता. मांय एवढंच म्हणाल्या, ‘‘मारलें मगो?’’

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये त्या मला सड्यावर घेऊन गेल्या. निमित्त कांटां आणण्याचं. करवंदांना आमच्याकडे कांटां म्हणतात. कांटां, चुन्नां, जांभळां ही उन्हाळ्याची तीन नावं एका दमात घ्यायची असतात. डोक्याला पदर गुंडाळून सकाळी आठला निघालो. गवत जळून गेलेलं, जमीन लालभडक, आणि त्यात करवंदाच्या जाळ्या तेल चोपडल्यासारख्या हिरव्या. एक पान तोडून हातात घेतलं. चामड्यासारखं जाड, वरून चकचकीत, दुमडलं तर कडकन मोडलं आणि मोडल्या जागी पांढरा चीक. पुढे खडकाच्या भेगेत धायटी. मातीचा पत्ता नाही, पानं धुळकट, आणि प्रत्येक फांदीवर लाल नळकांड्यांचे घोस. दोन शिंजीर त्यावर भांडत होते. खाली कातळाला चिकटून भुईगेंदाचे काटेरी चेंडू.

घरी परतताना बंद पडलेल्या चिरेखाणीच्या कडेने आलो आणि तिथे मला जे दिसलं त्याने माझा पाईप सुटला.

चिरेखाणीची भिंत करवतीने कापल्यासारखी उभी असते. त्या भिंतीच्या वरच्या काठावर करवंदाचं एक झुडूप होतं, फार तर माझ्या गुडघ्याइतकं. त्याचं मूळ चिरा कापताना उघडं पडलेलं. मी ते वरून खाली बघत गेले. अंगठ्याएवढं जाड मूळ जांभ्याच्या भोकांतून वाट काढत, कुठे आत शिरत, कुठे पुन्हा बाहेर येत, माझ्या डोक्याच्या उंचीपासून पायापर्यंत आलं होतं आणि तिथेही संपलं नव्हतं. खाणीच्या तळात घुसलं होतं. गुडघाभर झुडूप, खाली पुरुषभराहून जास्त मूळ. म्हणजे मी आजवर बागेचा वरचा मजलाच बघत होते.

जांभा वरून दिसतो तेवढा बंद नाही. भोकं, नळ्या, मधे पिवळी-पांढरी चिकणमाती. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं आणि तिथे बराच काळ रेंगाळतं. जमिनीतून काढलेला चिरा इतका मऊ असतो की कोयत्याने तासता येतो, आणि वारं लागलं की कडक होतो. बुकानन नावाच्या साहेबाने केरळात हे पाहिलं आणि 1807 साली विटेच्या लॅटिन शब्दावरून या दगडाला लॅटेराइट नाव दिलं. आमच्या घराच्या भिंती त्याच्याच, देवळाच्या पायऱ्या त्याच्याच, आणि झाडांचं कोठारही त्याच्यातच. रोज वरवर पाणी शिंपलं की मुळं वरच्या चार बोटांतच लोळत राहतात, खाली उतरायची त्यांना गरजच पडत नाही. मी झाडांना पाणी देत नव्हते, त्यांना माझी सवय लावत होते.

मग पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी खड्डा करायला पिकास घेऊन गडी आला तेव्हा मांय स्वतः खुर्ची घेऊन बाहेर बसल्या. खड्ड्याच्या तळात पहारीने दोन-तीन ठिकाणी कातळ फोडून घेतला, पाणी आणि मूळ दोघांनाही वाट म्हणून. भरताना निघालेला मुरूमच परत टाकला, खत ओंजळभर. खड्डा खताने भरला तर मुळं त्या गादीवरून उठतच नाहीत. रोपं मुद्दाम लहान घेतली, वीतभर. पिशवीत वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या मोठ्या रोपांची मुळं आत गोल गोल फिरून वेटोळं झालेली असतात आणि ती पुढेही फिरतच राहतात. लावणी मिरगाचे दोन पाऊस पडल्यावर, म्हणजे समोर चार महिने तयारीला.

पहिल्या उन्हाळ्यात पाणी दिलं. हे सांगायला हवं, कारण ‘देशी झाडाला काही लागत नाही’ हे ऐकून बरेच जण लावतात आणि मारतात. लागतं. पहिल्या वर्षी आठ-दहा दिवसांनी एकदा, पण भरपूर, झिरपत झिरपत खाली जाईल असं. दुसऱ्या वर्षी महिन्याने एकदा. तिसऱ्या वर्षी हात मागे. पश्चिमेच्या बाजूला माडाच्या चुडतांचा आडोसा, बुडाशी पाचोळा. पाचोळ्याला वाळवी येते, म्हणून खोडापासून वीतभर दूर. आणि फेब्रुवारीत गडग्याबाहेरचं सुकं गवत काढून हातभर पट्टा मोकळा करायचा, कारण सड्यावर कुणीतरी विडीचं थोटूक टाकतंच.

सगळ्यात अवघड काम मात्र याहून वेगळं होतं. संध्याकाळी पाच वाजता माझा हात आपोआप पाइपाकडे जायचा. समोर कुडा काड्यांसारखा उभा, माट्टी या रानझाडाचं रोप बोडकं, आणि आपण काही करायचं नाही! माहेरी बाबांनी कधी तहानलेलं झाड बघून पाठ फिरवली नव्हती. मी अंगठ्याच्या नखाने कुड्याची साल जराशी खरवडायचे. आत हिरवं दिसलं की बरं वाटायचं. इतक्या वेळा खरवडलं की एका फांदीवर माझ्या नखांच्या खुणांची ओळ झाली आहे. अजून आहे ती, साल भरून येताना वण उठले.

कुडा तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर फुलला. पाऊस पडायला अजून दीड महिना, विहिरीत गुडघाभर पाणी, आणि या गृहस्थाला नवी पोपटी पानं आणि पांढऱ्या फुलांचे गुच्छ. कोणाच्या भरवशावर? रात्री वास यायचा, जायांसारखा गोड नाही, जरा औषधी. मांयनी पहिल्या वर्षीच थोडी फुलं खुडून कांदा-खोबऱ्याची भाजी केली. कडवट लागते. मला आवडते, मुलं हात लावत नाहीत. गुरंही कुड्याला तोंड लावत नाहीत. शिमग्यानंतर मोकळी सुटलेली गुरं गडगा ओलांडून येतात तेव्हा याची किंमत कळते.

मी देशी झाडांची सोवळी भक्त नाही. फाटकावर बोगनवेल आहे, ती दक्षिण अमेरिकेची, आणि तिला हलवायचा माझा विचार नाही. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला; उद्या कुणी त्याला परका म्हणून उपटायला आलं तर अख्खा पेडणे तालुका दांडा घेऊन उभा राहील. देवळापुढचा देवचाफाही मध्य अमेरिकेतला. पण तग धरणं हा एकच गुण पाहिला तर रानमोडीला, त्या सगळीकडे माजणाऱ्या तणाला, पहिला नंबर द्यावा लागेल. खाणींच्या मातीच्या ढिगांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळही तग धरतेच. खाली तिच्या सुक्या पानांचा थर आणि त्यात सहसा काहीच उगवत नाही. मी आता झाड बघताना एक जास्तीचा प्रश्न विचारते: याच्याकडे येतं कोण? धायटीवर शिंजीर येतात, करवंदांवर बुलबुल. आणि घागऱ्यांचं तर काय सांगू.

घागऱ्या मी लावल्या नव्हत्या. माटोळीतून पडलेल्या बियांतून आल्या असाव्यात. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतात, तिच्यात सगळं रान उतरतं: माट्टीची पाच पंखांची फळं, कांगण्यांचे पिवळे घोस, कवंडळं, आंबाडे, आणि घागऱ्यांच्या शेंगा. पिवळी फुलं, मग फुगीर शेंगा. सुकल्या की आत बिया सुट्या होतात आणि हलवलं की घुंगरू वाजतं, म्हणून घागऱ्या. पावसाळ्यानंतर ते झुडूप वाळायला लागलं, मी उपटायला गेले, तर त्यावर काळ्या-निळ्या पट्टेरी फुलपाखरांचा थवा. फुलांवर नव्हे, वाळक्या पानांवर आणि देठांवर बसून सोंडेने चोखत होती. त्या रसातून नरांना मादीला भुलवायचा गंध तयार करायला द्रव्य मिळतं, हे पुढे वाचलं. तेव्हा नुसती हात मागे घेऊन उभी राहिले. वारं आलं की शेंगा खुळखुळायच्या आणि थवा उठून परत बसायचा.

तेव्हापासून वाळलेलं लगेच काढत नाही. बाग अजूनच मेल्यासारखी दिसते.

म्हापशाच्या बाजारात चतुर्थीआधी माटोळीचं सामान घ्यायला गर्दी उसळते. रानातून आणणाऱ्या बायकांना आता लांबपर्यंत जावं लागतं, असं त्याच सांगतात. सडे कमी झाले. मोपाच्या सड्यावर आता विमानं उतरतात. मी त्या बायकांकडून घेतेच, पण गेली दोन वर्षं घागऱ्या आणि कांगण्या घरच्या.

सगळंच जमलं असं नाही. सुरंगीचं झाड लावून सहा वर्षं झाली. बाजारात फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीच्या फाती म्हणजे गजरे आले की मी घरी येऊन माझ्या झाडाकडे रागाने बघते. पानं झकास, कळी एक नाही. तिला सड्याच्या टोकाला नाही, खालच्या कोपऱ्यात, जिथे माती वाहून येऊन साचली आहे तिथे लावलंय. कातळावर ती आलीच नसती. मांय म्हणाल्या होत्या, सुरंगी लावणाऱ्याने फुलांची वाट बघू नये. त्या स्वतः गेल्या वर्षी गेल्या. पिंडाला दर्भ लागला तेव्हा मी बागेत आणायला निघाले आणि आपण दर्भ लावलेलाच नाही हे अर्ध्या वाटेत आठवलं.

या मे महिन्यात भाऊ आला होता. येताना केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून जाईच्या चार फांद्या घेऊन आला, माहेरच्या मांडवावरच्या. बाबांच्या हातची जाई. अंगणात उभा राहून त्याने चौफेर बघितलं, बोडकी माट्टी, तपकिरी गवत, पाचोळा, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो प्रश्न आला. त्याने विचारला नाही. फांद्या हातातच धरून उभा राहिला, जणू ही आता द्यावी की परत न्यावी.

मी त्याला न्हाणीमागे घेऊन गेले. तिथे मांयची अबोली आहे, सांडपाण्याची मोरी आहे, घरातली तेवढीच जागा बारा महिने ओली असते. साबणाचं पाणी आधी केळीच्या बुंध्यातून जातं, मग पुढे निवळ येतं. तिथे त्याने स्वतः खड्डा केला आणि फांद्या तिरक्या खोचल्या. मग बाबांसारखाच चिखलाचा एक गोळा घेऊन मोरीच्या तोंडाशी थापला. पाणी जरा अडलं, वळलं आणि जाईकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला तेव्हा गडग्याजवळ थांबून त्याने कुड्याच्या फांदीवरच्या नखांच्या खुणांवरून बोट फिरवलं. ‘‘हें कितें?’’